राणीच्या बागेतली न दुखणारी जखम

आमच्या गावात बागेची आवड असणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे. त्याला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्षही नाही. महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी अंगणात जमायचे, बिया आणि फांद्यांची देवाणघेवाण करायची, चहा घ्यायचा आणि एकमेकांच्या झाडांची विचारपूस करायची, एवढाच कार्यक्रम. गटात निवृत्त शिक्षक आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले आहेत, गच्चीवर कुंड्या लावणाऱ्या गृहिणी आहेत आणि नारळी-पोफळीच्या वाड्या असलेले दोन-तीन अस्सल बागायतदारही आहेत. मी त्यांच्यातला सर्वांत कच्चा विद्यार्थी. दवाखान्याच्या मागे लावलेला मोगरा तीन वर्षे फुलेना, तेव्हा सल्ला विचारायला गेलो आणि तिथलाच होऊन गेलो.

गेल्या जानेवारीत या गटाने मुंबईची राणीची बाग पाहायचे ठरवले. लहानपणी सर्वांनीच ती पाहिलेली होती, पण हत्ती आणि वाघ पाहण्यासाठी. या वेळी प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे वळायचे नाही, फक्त झाडे पाहायची, असा ठराव झाला. एकंदर सत्तावीस जण झाले. त्यांतले निम्म्याहून अधिक माझेच पेशंट, त्यामुळे "डॉक्टर बरोबर आहेत, मग काळजी नाही" असे म्हणत घरच्यांनी त्यांना पाठवले. ही जबाबदारी माझ्यावर किती जड पडणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

त्या सहलीत जे घडले ते आज या सदरात लिहीत आहे. ज्यांच्या बाबतीत घडले त्यांची परवानगी घेतली आहे. किंबहुना "लिहाच, डॉक्टर" असा त्यांचाच आग्रह आहे.

डॉक्टरांनी वाढवलेली बाग

पहाटे निघून मांडव्याला रो-रो बोट धरली. मार्च २०२० मध्ये ही सेवा सुरू झाल्यापासून आमच्या बाजूच्या लोकांची मोठी सोय झाली आहे. तासाभरात भाऊचा धक्का येतो आणि तिथून भायखळा जवळच. बाग उघडली तेव्हा आम्ही दारात उभे होतो.

या बागेचा इतिहास थोडा सांगायला हवा. १८६२ साली ती लोकांसाठी खुली झाली. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे नाव तिला दिले होते, म्हणून लोकांच्या तोंडी 'राणीची बाग'. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. आरंभी कृषी आणि उद्यानविद्येला वाहिलेल्या एका संस्थेकडे तिची व्यवस्था होती, नंतर ती नगरपालिकेकडे आली. जगाच्या निरनिराळ्या भागांतून आणलेली झाडे येथे लावली गेली. पुढे प्राणिसंग्रहालय गाजले आणि झाडे मागे पडली. तरीसुद्धा मुंबईसारख्या शहराच्या पोटात सुमारे पन्नास एकरांवर शेकडो जातींची जुनी झाडे उभी आहेत, ही काही लहान गोष्ट नव्हे. २००७ नंतर बागेचा कायापालट करण्याचे बेत झाले, तेव्हा झाडांच्या काळजीने काही नागरिक पुढे आले आणि त्यांनी चिकाटीने लढा दिला. आज आपण ज्या सावलीत बसतो, त्यात त्यांचाही वाटा आहे.

माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या परिसराशी डॉक्टरांचा फार जुना संबंध आहे. बागेच्या उभारणीत पुढाकार घेणारे जॉर्ज बर्डवुड हे डॉक्टर होते. बागेला लागूनच जे वस्तुसंग्रहालय आहे, ते १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. त्याला आज ज्यांचे नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ सालच्या पहिल्या तुकडीतील पदवीधर. संस्कृत शिलालेख वाचणारा हा विद्वान गरिबांना मोफत औषध देई. कडू कवठ या झाडाच्या बियांचे औषध करून ते महारोगावर, म्हणजे कुष्ठरोगावर वापरण्याचे त्यांचे प्रयत्न त्या काळी फार गाजले होते. बोटीत मी गटाला ही हकीकत सांगितली होती. कुष्ठरोगाचा विषय त्याच दिवशी दुपारी वेगळ्या रीतीने पुन्हा निघेल, असे मात्र वाटले नव्हते.

गोरखचिंचेखाली

सकाळ फार आनंदात गेली. गोरखचिंच जानेवारीत निष्पर्ण उभी होती. मूळची आफ्रिकेतली ही झाडे आपल्या जाड बुंध्यात पाणी साठवतात आणि कोरड्या दिवसांत पाने गाळून स्वस्थ राहतात. तिच्या बुंध्याला कवेत घ्यायला आमच्यातले किती जण लागतील, यावर पैज लागली. कैलासपतीच्या खोडाला लागलेली तोफगोळ्यांसारखी फळे पाहून बायकांनी त्याची फुले शोधायला सुरुवात केली. शिवपिंडीवर नागाने फणा धरावा तशी त्या फुलाची रचना असते. सीता अशोक पाहिला आणि बंगल्यांच्या कुंपणाला जो उंच सरळसोट 'अशोक' लावतात तो खरा अशोक नव्हे, यावर नेहमीचा वाद पुन्हा एकदा झाला.

हे सारे समजावून सांगत होते आमचे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक. वय अडुसष्ट, अंगकाठी सडपातळ, आवाज खणखणीत. त्यांच्या घरी चाळीस जातींचे गुलाब आहेत. एका पानावर ठिपका दिसला तर ते चष्मा वर करून पानाची मागची बाजू पाहतात, मग शेजारच्या झाडाची पाहतात आणि मग संध्याकाळी माझ्या दवाखान्यात येऊन मलाच त्या किडीची माहिती सांगतात. त्यांना मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली आहेत आणि त्यांपैकी अकरा वर्षे ते माझ्याकडे औषध घेत आहेत.

एका जुन्या झाडाभोवती सिमेंटचा ओटा घातलेला दिसला. तिथे पाणी घालत असलेल्या माळ्याला गुरुजींनी विचारले, "झाडाला याचा त्रास होत नाही का?" माळी अनुभवी होता. तो म्हणाला, "होतो ना. पण झाड बोलत नाही. शेंडा वाळलेला आपल्याला दिसतो तेव्हा मुळाशी कितीतरी आधी बिघडलेलं असतं." गुरुजींनी हे वाक्य आपल्या वहीत उतरून घेतले.

आता फक्त उर्वशी पाहायची राहिली होती. म्यानमारमधून आलेल्या या झाडाला हिवाळ्यात झुंबरासारखे लाल-पिवळे घोस लोंबतात. ती बघण्यासाठीच गुरुजी आले होते. पण साडेबारा वाजून गेले होते. गटात मधुमेही बरेच, त्यामुळे जेवणाची वेळ टळता कामा नये असा माझा हुकूम होता. सावलीत सतरंज्या अंथरल्या. पोळी-भाजी, घावन, संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू असे डबे उघडले.

पांढऱ्या मोज्यावरचा डाग

सतरंजीवर बसायचे म्हणून गुरुजींनी बूट काढले. शाळामास्तरांच्या जुन्या सवयीप्रमाणे पायांत पांढरेशुभ्र मोजे होते. उजव्या मोज्याच्या चवड्यावर रुपयाएवढा लाल डाग माझ्या नजरेस पडला.

"गुरुजी, पायाला काय झालं?"

"कुठे काय? काही नाही. घामाने मोजा ओला झाला असेल."

मी मोजा काढला. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे चालताना सारा भार पडतो, तिथे जुना जाड घट्टा होता आणि त्याच्या मधोमध भोक पडून कातडी फाटली होती. रक्त ओघळून बोटांच्या बेचक्यात वाळले होते. बूट उलटा करून आपटला तेव्हा आतून पाऊण इंच लांबीचा तारेचा तुकडा पडला. गुलाबाचा वेल कमानीला बांधायची ती तार. बूट कित्येक महिने पडवीत, कुंड्यांच्या फळीखाली पडून होते. काम करताना तोडलेला तुकडा बुटात पडला आणि पहाटेच्या अंधारात गुरुजींनी बूट तसाच पायात चढवला.

पहाटेपासून ते त्या तारेवर चालले होते, बागेतच तीन तास. गोरखचिंचेला त्यांनी दोन प्रदक्षिणा घातल्या होत्या. आणि त्यांना काहीही कळले नव्हते.

मी बोटाने जखमेच्या कडेला दाबले. "दुखतं?" गुरुजी म्हणाले, "तुम्ही हात लावलाय का?"

वाचकहो, तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी बऱ्याच मोठ्या जखमा पाहिल्या आहेत. पण त्या एका प्रश्नाने मला घाम फुटला. दुखणाऱ्या जखमेची डॉक्टरला भीती नसते, पेशंट धावत येतो. न दुखणाऱ्या जखमेची भीती असते, कारण पेशंट येतच नाही.

बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने जखम धुतली, माझ्या पिशवीत निर्जंतुक गॉज होते ते लावून सैल पट्टी बांधली आणि गुरुजींना सांगितले, "आता हा पाय जमिनीला टेकवायचा नाही." त्यांचा चेहरा पडला. "उर्वशी जवळच आहे हो, डॉक्टर. पन्नास पावलं." मी म्हणालो, "एकसुद्धा नाही." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग गटातली मंडळी उर्वशीकडे गेली आणि मोबाइलमध्ये फोटो काढून घेऊन आली. गुरुजींनी उर्वशी पाहिली ती एवढीच.

पाय सुन्न का होतो?

मधुमेहात रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली तर शरीरातील नसांना इजा होते. जी नस सर्वांत लांब, तिला बाधा सर्वांत आधी. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा सर्वांत लांब, म्हणून सुरुवात बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासून होते. कोणाला मुंग्या येतात, कोणाला रात्री तळव्यांची आग होते, कोणाला गादीवर किंवा कापसावर चालल्यासारखे वाटते. अनेकांना यांपैकी काहीच होत नाही. संवेदना गुपचूप निघून जाते.

त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी घडतात. पायाचा घाम कमी झाल्याने कातडी कोरडी पडून भेगा जातात. स्नायू अशक्त झाल्याने बोटे वाकडी होतात, भार चुकीच्या जागी पडतो आणि तिथे घट्टा धरतो. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तर जखमेपर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही. तंबाखू आणि विडी-सिगारेट हे काम आणखी वेगाने करतात. रक्तातील साखर वाढलेली असताना जंतूंशी झुंजण्याची शक्तीही कमी पडते.

घट्टा म्हणजे पाय कणखर झाल्याची खूण, असे आपल्याकडे समजतात. मधुमेही माणसाचा घट्टा ही धोक्याची घंटा असते. त्या घट्ट्याखाली कातडी चिरडली जाऊन आतल्या आत जखम तयार होऊ शकते आणि वरून काहीच दिसत नाही.

येथे कुष्ठरोगाचा विषय परत येतो. कुष्ठरोग बोटे खातो, अशी फार वर्षे समजूत होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले, की बोटे झडतात ती मुख्यतः वेदना गेल्यामुळे. माणूस भाजतो, कापतो, ठेचकाळतो, पण दुखत नाही म्हणून त्या अवयवाला विश्रांती देत नाही आणि जखमेवर जखम होत राहते. वेदना ही शत्रू नसून राखणदार आहे, हे त्यांचे सांगणे. कुष्ठरुग्णांसाठी मऊ रबराच्या तळाची पादत्राणे करण्याचे काम तिथे झाले आणि तोच विचार पुढे मधुमेही पायालाही लागू पडला. आपल्या दुकानांत एम. सी. आर. चप्पल म्हणून जी मिळते, ती याच मऊ रबराची.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. आपल्याकडे तर वाडीत शिंपणे करायचे ते अनवाणी, देवळात जायचे ते अनवाणी, घरात वावरायचे ते अनवाणी. म्हणून हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात घरोघरचा आहे.

माझी चूक

संध्याकाळी गावी परत आलो. गुरुजींना धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. याआधी कधी घेतले होते, हे त्यांना आठवत नव्हते. क्ष-किरण तपासणीत तारेचा अंश आत राहिलेला दिसला नाही आणि हाडही ठीक होते. मात्र तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी ९.६ आली. शल्यचिकित्सकांनी घट्टा तासून काढल्यावर खालची जखम वरून दिसत होती त्याच्या दुप्पट निघाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण अकरा वर्षे हा माणूस माझ्याकडे येत होता. दर महिन्याला मी त्याचा रक्तदाब पाहिला, साखरेचा आकडा वाचला, गोळ्या लिहून दिल्या. आमच्या दवाखान्यात पेशंट चपला दाराबाहेर काढून आत येतात. म्हणजे अकरा वर्षे ते पाय माझ्यासमोर उघडे होते आणि मी टेबलाखाली वाकून एकदाही ते पाहिले नाहीत. तो घट्टा काही एका दिवसात झालेला नव्हता.

मला त्या वेळी एका बागायतदाराची आठवण झाली. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. वाडीत पायाला काटा लागला. दुखला नाही म्हणून त्याने हळद भरून फडके बांधले आणि कामाला लागला. नवव्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हा अंगठा काळा पडला होता, ताप भरला होता. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. जीव वाचला, पण वाडी दुसऱ्याला कसायला द्यावी लागली. पायरीवर बसून आपल्या माडांकडे पाहत असलेला तो माणूस मी विसरलेलो नाही. तरीही त्यातून जो धडा घ्यायला हवा होता, तो मी घेतला नव्हता.

गुरुजींची जखम भरायला नऊ आठवडे लागले. औषधांइतकेच महत्त्वाचे होते ते पायाला विश्रांती देणे. चवड्यावर भार पडू नये म्हणून खास पादत्राण करून घेतले, काही दिवस इन्शुलिन दिले. त्या नऊ आठवड्यांत त्यांच्या चाळीस गुलाबांना पाणी घालायला गटातले लोक पाळी लावून जात होते. गुरुजी पडवीत खुर्चीवर पाय वर ठेवून बसत आणि कोणत्या झाडाला किती तांबे, ते तिथून ओरडून सांगत. एकही गुलाब मेला नाही. पायही वाचला.

मधुमेह असणाऱ्यांनी काय करावे?

पुढील गोष्टींना पैसे लागत नाहीत. कात्रण काढून देवघराजवळ किंवा आरशावर लावून ठेवा.

१. रोज एकदा दोन्ही पाय नीट पाहावेत. तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरावा. दिसत नसेल तर घरातल्या माणसाला पाहायला सांगावे. लाली, फोड, भेग, सूज, रंगातला बदल, एखादी जागा इतर भागापेक्षा गरम लागणे, यांपैकी काहीही आढळले तर डॉक्टरांना दाखवावे.

२. अनवाणी चालू नये. घरातही मऊ चप्पल वापरावी. देवळात अनवाणी जावेच लागले तर दुपारच्या तापलेल्या फरशीवर जाऊ नये आणि घरी आल्यावर तळवे पाहावेत.

३. बूट किंवा चप्पल घालण्यापूर्वी उलटी करून आपटावी आणि आतून हात फिरवावा. खडा, काटा, खिळा, तार, विंचू, काहीही असू शकते. बागकामाला पुढून बंद आणि जाड तळाचे पादत्राण हवे. पातळ रबरी सपातेतून बोगनवेलीचा काटा सहज आरपार जातो.

४. मोजे सुती आणि फिकट रंगाचे असावेत, वरचे इलॅस्टिक घट्ट नसावे. गुरुजींचा मोजा काळा असता तर तो डाग मला दिसला नसता.

५. पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाणी किती गरम आहे ते पायाने पाहू नये, कोपराने पाहावे किंवा घरच्यांना पाहायला सांगावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. टाचांना खोबरेल तेल लावावे, बेचक्यांत लावू नये.

६. पाय गार पडले किंवा आग झाली म्हणून गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, शेकोटी यांच्या वाटेस जाऊ नये. भाजल्याचे कळणार नाही.

७. घट्टा किंवा कुरूप ब्लेडने कापू नये, बाजारी पट्टी लावू नये. नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे खोल खणू नयेत.

८. जखम झाली तर स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापड बांधावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, तंबाखू, शेण, माती यांपैकी काहीही भरू नये. दुखत नाही म्हणून थांबू नये. दुखत नाही म्हणूनच घाई करावी.

९. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी. माती लागलेली किंवा खोल जखम झाली आणि लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर डॉक्टर पुन्हा देतात. मातीत हात घालणाऱ्या प्रत्येकाने, मधुमेह असो वा नसो, ही तारीख लिहून ठेवावी.

१०. तंबाखू कोणत्याही रूपात बंद करावी.

घरच्या घरी एक परीक्षा

पायाची संवेदना शाबूत आहे का, याची एक सोपी परीक्षा आहे. मधुमेही व्यक्तीने डोळे मिटून पडून राहावे. घरातल्या दुसऱ्या माणसाने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी अशा सहा जागी, क्रम बदलून, आपल्या बोटाचे टोक अगदी हलके, एक-दोन सेकंद टेकवावे. दाबू नये, गुदगुल्या करू नयेत. स्पर्श जाणवला की त्या व्यक्तीने 'उजवा' किंवा 'डावा' म्हणावे. सहापैकी दोन किंवा अधिक जागी स्पर्श जाणवला नाही, तर संवेदना कमी झालेली आहे असे समजून डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत. सहाच्या सहा ठिकाणी कळले तरी वर्षातून एकदा दवाखान्यात पायांची तपासणी हवीच. तिथे नायलॉनच्या धाग्याने स्पर्श पाहतात, पायाची नाडी पाहतात आणि पादत्राणही पाहतात.

आणि एक विनंती. तुमचा डॉक्टर पाय पाहत नसेल, तर संकोच न करता म्हणा, "डॉक्टरसाहेब, जरा पाय बघता का?" त्याला राग येणार नाही. माझ्या टेबलाशेजारी आता एक बुटके स्टूल ठेवले आहे. मधुमेहाचा पेशंट आला की रक्तदाबाच्या आधी पाय स्टुलावर. पहिल्या महिन्यातच दोघांच्या तळव्यांवर अशा जखमा सापडल्या, ज्यांची त्यांना वार्ताही नव्हती.

गुरुजी आता बरे आहेत. पहाटे गुलाबांना पाणी घालून झाले की ओट्यावर बसून आरशात तळवे पाहतात. काकू शेजारी उभ्या राहून खात्री करतात. येत्या जानेवारीत पुन्हा राणीच्या बागेत जायचे ठरले आहे. उर्वशीची ती पन्नास पावले चालायची राहिली आहेत, असे गुरुजी म्हणतात. मी होकार दिला आहे. अट एकच, निघण्यापूर्वी बूट मी स्वतः आपटून पाहणार.